किती फूट?

जुलै लागला की आमच्या घरात सकाळी कुणी कुणाला "चहा झाला का?" असं विचारत नाही. आई अंथरुणातूनच विचारते, "किती फूट?"

मी उशाचा मोबाईल चाचपतो. गल्लीच्या ग्रुपवर पहाटे पाचलाच कुणीतरी टाकलेलं असतं. "छत्तीस फूट आठ इंच," मी सांगतो. आई मनात वजाबाकी करते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे दोन आकडे कोल्हापुरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. "म्हंजे अजून दोन फूट चार इंच हाय," असं म्हणून ती कुशीवर वळते. रात्री झोपताना पाणी किती होतं, तासाला किती इंचानं वाढालंय, राधानगरी धरणाचा कितवा दरवाजा उघडला, सगळं तिला पाठ. स्वतःची शुगर किती निघाली हे मात्र दर वेळी फाईल उघडून तिला सांगावं लागतं.

माझा पुण्याचा साडू एकदा ऐन पावसात चार दिवस राहून गेला. जाताना म्हणाला, "तुमच्याकडं लोक नमस्कार करत नाहीत, एकदम फूटच विचारतात." खोटं नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढता काढता मालक मला विचारतो. मी आकडा सांगतो. तो तासाभराचा शिळा असतो. मालक म्हशीखालूनच दुरुस्ती करतो, "सदतीसला टेकलंय आत्ता." आणि पेला पुढं करतो. पेल्यात दूध निम्मं, फेस निम्मा, पण लांबून पेला गच्च भरलेला दिसतो. राजकारणावर बोलायला याहून सोयीची जागा मला शहरात सापडलेली नाही.

हा आकडा येतो कसबा बावड्याकडच्या राजाराम बंधाऱ्यावरून. देश कधीच मीटरवर गेला, पण कोल्हापूरचा पूर अजून फूट-इंचांतच येतो, आणि ते बरं आहे. फूट डोळ्यांपुढं उभा राहतो. घोटा, गुडघा, कंबर, असा तो अंगावर मोजता येतो. ज्याच्यामुळं आमच्याकडं पाणी तुंबतं असं म्हणतात, त्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची पातळी ५१९ मीटर ठेवायची की ५२४ करायची, हा वाद मीटरमध्ये चालतो. त्यामुळं तो कुणालाच नीट दिसत नाही आणि म्हणूनच पुढाऱ्यांना त्यावर कितीही वेळ बोलता येतं. राधानगरीची गोष्ट वेगळी. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात. नारळ नको, फीत नको, मंत्री यायची वाट बघणं नको. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे तिथंही फूट आलाच.

मराठीत फूट दोन. मोजायचा तो फूट, पडते ती फूट. पहिला बंधाऱ्यावरून येतो, दुसरी टीव्हीवरून. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. दोन्ही वेळा पावसाळाच. पहिल्या वेळी टीव्हीवरची बाई घसा फोडून सांगत होती, "पक्षात उभी फूट! उभी फूट!" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "किती?" मी आमदार मोजण्यात गुंगलेलो. म्हणालो, "चाळीस."

"आं? मगाशी तर बारा हुतं की!"

मी बाहेर येईपर्यंत तिनं पिठाचा डबा फळीवर चढवला होता. ते आमदार आहेत, पाणी नव्हे, हे समजावून सांगितल्यावर ती क्षणभर थांबली. डबा काही खाली घेतला नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे वरच. कुटनं काय यील सांगता येत न्हाई."

पण फुटीचा खरा हिशेब टीव्हीवर लागत नाही, डिजिटलवर लागतो. फ्लेक्सला आमच्याकडं डिजिटल म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडावर एका भावी नगरसेवकाचं दहा बाय पंधराचं डिजिटल होतं. महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, पुढची पाच वर्षं प्रशासक बसले आणि मतदान उजाडलं थेट २०२६ च्या जानेवारीत. एवढा काळ हे गृहस्थ भावीच. केस पिकले, पुन्हा काळे झाले, पोरीचं लग्न झालं, जावई भावी युवा नेते झाले, यांचं भावीपण काही ढळलं नाही. माणूस वाईट नाही. मयताला पहिला हजर असतो, आणि कोल्हापुरात त्यावर बरंच काही माफ होतं.

तर त्या डिजिटलच्या वरच्या कोपऱ्यात नेत्यांची मुंडकी होती. २०२२ ला एक बदललं, २०२३ ला आणखी एक. नवं डिजिटल छापायचा खर्च कशाला, म्हणून नवं मुंडकं जुन्यावरच चिकटवलं. मग पाऊस लागला. वरचा नेता कानापासून सुटत गेला आणि खालून आधीचा दिसू लागला. तीन-चार दिवस तिथं अर्धा हा आणि अर्धा तो असे एकच साहेब हात जोडून उभे होते. मिशी एकाची, चष्मा दुसऱ्याचा. गल्लीतनं शेकडो माणसं गेली-आली, कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या बायकोनं तेवढं म्हटलं, "हे जास्त बरे दिसतात."

पुढं वाऱ्यानं ते डिजिटल पडलं तेव्हा आईनं भावींना निरोप धाडून मागून घेतलं. परड्यातल्या शेणी आणि जळणावर ते आता आंथरलंय. डिजिटलचं कापड चांगलं, थेंब आत जात नाही. भावींच्या पोटावर पाणी साचतं तेवढं सकाळी काठीनं ढोसून काढावं लागतं.

फुटून निघणं काही आजचं नाही म्हणा. १९२९ साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि याच कोल्हापुरात 'प्रभात' उभी राहिली. मूळ कंपनी आमचीच, असं म्हणत कुणी दिल्लीला अर्ज केल्याचं ऐकिवात नाही. नवं नाव घेतलं, नवं चिन्ह घेतलं. आणि चिन्ह कुठलं, तर तुतारी वाजवणारी बाई! पुढं २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं फुटलेल्या राष्ट्रवादीच्या एका गटाला 'तुतारी वाजवणारा माणूस' दिला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला ते नवं वाटलं. फुटीनंतर तुतारी, हा पायंडा आमच्या गावचा, हे सांगायला मी त्या दिवशी चार ठिकाणी फोन केले. दोघांनी उचलला. एकानं मध्येच विचारलं, "पाणी किती झालं रे?" फेब्रुवारी महिना होता. सवय.

१९३३ ला प्रभात पुण्याला गेली. आमच्या गल्लीत एक आजोबा होते, त्यांनी पुण्याला याबद्दल शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्यांच्या लेखी नट म्हणजे कुणी आभाळातला तारा नव्हे, तर पलीकडच्या बोळात राहणारा, किराणा दुकानात उधारी असणारा माणूस. ही दृष्टी अजून आमच्या घरात टिकून आहे. मुंबईतल्या कुठल्या जोडप्याचा घटस्फोट झाल्याची बातमी आली की मी म्हणतो, त्यांचं खाजगी आहे, आपल्याला काय. आई आणि बायको माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतात. आई विचारते, "पोरं किती?" बायको सांगते, "एक." मग भाकरी थापता थापता निकाल लागतो. पोर आजीकडं ठेवायचं, त्यानं व्यसन सोडायचं, तिनं एक पाऊल मागं घ्यायचं. (त्याला व्यसन आहे, हे आईचं अनुमान. घर मोडलं म्हणजे असणारच.) दुसऱ्या दिवशी नवी बातमी नाही आली तर आईला वाटतं, आपलं ऐकलं वाटतं.

एकदाच या जिल्ह्यात फूट पडली नाही आणि ती हत्तिणीमुळं. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी ऊर्फ माधुरी कोर्टाच्या आदेशावरून जामनगरच्या वनतारात गेली आणि इकडं एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एका सुरात बोलायला लागले. मिरवणुकीत ती रडत होती असे व्हिडिओ फिरले. वनतारा अंबानींचं, म्हणून लोकांनी राग काढायला मोबाईलचं जिओचं सिमच बदललं. आईनंही मला तिचं कार्ड बदलायला लावलं. नव्या कार्डावर तिचा पहिला प्रश्न, "आता हिथनं तिकडं फोन लागंल काय?" तिकडं म्हणजे कुणाकडं, हे मी विचारलं नाही.

पण खरं विचाराल तर आमच्या गावची सगळ्यात मोठी नटी नदीच. बाकीच्यांना कटआउट लागतात. विश्वचषकात पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिना अशी वाटणी होते आणि खेळाडू इमारतीएवढे उभे राहतात. पंचगंगेला असलं काही लागत नाही. ती पात्राबाहेर पडली एवढं नुसतं कळायचा अवकाश, अख्खं गाव पाणी बघायला निघतं. 'पाणी बघायला जाणं' हा आमच्याकडं कार्यक्रम आहे. घाटाच्या अलीकडं पोलिसांनी दोरी बांधलेली, दोरीला टेकून गर्दी, कुणी कणीस खातंय, कुणी नदीकडं पाठ करून सेल्फी काढतंय. तिच्या येण्याचे टप्पेही सगळ्यांना ठाऊक. गायकवाड वाड्यापाशी आली, जामदार क्लबापर्यंत आली, सुतारवाड्यात शिरली. लग्नाची वरात कुठवर आली ते जसं सांगतात, त्याच आवाजात हे सांगितलं जातं. दर वर्षी पहिल्यांदा हलवतात ती सुतारवाड्यातली माणसं. त्यांना हा कार्यक्रम कसा वाटतो, हे कणीस खाताना मीही कधी विचारलं नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत.

त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही दारात उभं राहून रस्त्याकडं बघत होतो, टॉर्च मारून पायऱ्या मोजत होतो. पाणी दारातनं आलंच नाही. ते आलं मोरीतनं. आधी जाळीतनं बुडबुडा आला, मग दुसरा, मग चमचाभर गढूळ पाणी वर येऊन फरशीवर पसरलं, एखादं मांजर आत येऊन बसावं तितक्या मुकाट्यानं. आईनं जाळीवर पाटा ठेवला. पाट्याच्या चारी बाजूंनी ते आलं. मग तिनं देव उचलले, लोणच्याची बरणी उचलली आणि म्हणाली, "चला." राजारामपुरीत मावशीकडं आम्ही नऊ दिवस होतो. तिथंही सकाळी तोच प्रश्न. फक्त तेव्हा ती वजाबाकी करत नव्हती.

परत आलो तेव्हा चिखल आणि भिंतीवर सरळ, आखल्यासारखी तपकिरी रेघ. पंचनाम्याला दोघं आले. एकानं रेघेकडं बघून लिहिलं, "अंदाजे चार फूट." आईनं मला टेप आणायला लावला. "चार फूट दोन इंच हाय, सायेब. दोन इंच लिवा."

"आजी, दोन इंचानं रकमेत फरक पडत नाही."

"रकमेचं कोण म्हंतंय? पुसलंय आमी त्ये."

त्यानं लिहिलं. रंगारी आला तेव्हा तेवढी चौकटीशेजारची वीतभर रेघ तिनं पुसू दिली नाही. माझ्या मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा तिथंच आहेत. त्या वर्षी तो चार फुटाला दोन इंच कमी होता. पुढच्या दिवाळीत रेघेच्या वर गेला तेव्हा त्यानं सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. २०२१ चं पाणी रेघ घेऊन येईल म्हणून आम्ही चार दिवस आधीच सामान हलवलं. त्या पुरात गल्लीत नगरसेवक नव्हता. भावी होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते दुधाच्या पिशव्या वाटत होते, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल.

आत्ता हे लिहितोय तेव्हा बाहेर पाऊस तसाच लागून आहे. ग्रुपवर शेवटचा आकडा अडतीस फूट एक इंच, त्याखाली कुणाच्या तरी पक्षप्रवेशाचा फोटो, त्याखाली कुठल्याशा नटाचं दुसरं लग्न, त्याखाली पुन्हा अडतीस फूट दोन इंच. मी छत्री घेतली, पायताण दारात ठेवून रबरी चप्पल घातली.

"कुटं?" आईनं विचारलं.

"पाणी बघून येतो."

"जामदार क्लबापतूर आलं असलं तर फोन कर," ती म्हणाली. "न्हाईतर येताना कोथमीर घिऊन ये."