नंबर कोणाचा?

मे महिन्यातली दुपार. नागपुरात इंदोऱ्यातल्या विहाराशेजारच्या खोलीत घरकाम करणाऱ्या पाच जणींसोबत आमच्या हजेरी-पगार नोंदीच्या अॅपची चाचणी होती. मानधन आधीच हातात दिलं. शेवटी दिलं तर बाई आपल्याला बरं वाटेल तेच बोलते. फोन त्यांच्या घरचेच, कारण ऑफिसातल्या नव्या कोऱ्या फोनवर सगळंच छान चालतं. एक काम सांगायचं, दोन मिनिटं तोंड उघडायचं नाही, बोट कुठे थांबतं ते लिहायचं.

चौघी पहिल्याच पडद्यावर अडकल्या, तिथे मोबाइल नंबर मागितला होता. एकीचा फोन पोरीचा जुना, त्यात सिमच नाही. "नंबर पोराचा टाका ना मॅडम, पण तो कळमन्याले गेला, संध्याकाळी येते." ओटीपी कळमन्यात पोचला आणि 60 सेकंदांत बाद झाला. आमच्या आकडेवारीत अशा बायका 'नोंदणी अर्धवट सोडली' या रकान्यात जात होत्या. मुदत 10 मिनिटं केली असती तरी पोरगा संध्याकाळीच येणार होता.

बाकीच्या चुका लवकर सुटणाऱ्या होत्या. बोलून सांगणारं बटण कूलरच्या आवाजात ऐकूच येईना, म्हणून प्रत्येक सूचनेला चित्रही हवं. पांढऱ्यावर #999999 या रंग-कोडच्या राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, 2.85:1 भरतो, किमान 4.5:1 लागतो, दारातल्या उन्हात ती अक्षरं दिसेनाशी झाली. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवल्यामुळे रफार आणि वेलांट्या कापल्या जात होत्या. 'अनुपस्थिती'वर सगळ्या थबकल्या. 'नागा' म्हटल्यावर बोट लगेच हललं. 'अग्रिम रक्कम' काढून 'उचल' केलं.

पाचवी मात्र नंबरचा पडदा सरसर ओलांडून गेली. कामाच्या तीन घरांची नोंद भरली आणि थांबली. "महिन्याचा हिशोब मेसेजवर येते म्हणता. तो मालकाले दिसन का?" मालक म्हणजे नवरा. चौथ्या घराचं काम तिने घरी सांगितलंच नव्हतं. ते पैसे पोरीच्या फीसाठी भिशीत जात होते. महिनाअखेरचा तो एसएमएस आम्ही सोय म्हणून दिला होता. तिच्या घरात त्याने तिची पुंजी उघडी पाडली असती. तिच्या सोयीसाठी पाठवलेला हिशोब दुसऱ्यानेच वाचला असता, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी एसएमएस काढला. सूचनांमधून रक्कम काढली, आणि दोन मिनिटं हात लागला नाही तर पडदा कुलूपबंद होईल असं केलं. नंबर ऐच्छिक झाला. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती घेऊनही त्या कामापुरतीच माहिती मागता येते, आणि नागा किती झाले हे लिहायला नंबर लागतच नाही. प्रवेशासाठी चार आकडी पिन, पाचदा चुकला की 15 मिनिटं बंद.

अडलं ते पिन विसरण्यावर. नंबर नाही म्हणजे ओटीपीने खातं परत मिळत नाही. कागदावर कोड लिहून दिला तर तो रेशनकार्डाच्या पिशवीत जातो, आणि ती पिशवी घरातलं कोणीही उघडतं. गटातल्या मैत्रिणीच्या हमीवर खातं उघडायचं, तर पिन नवा घालताना ती शेजारीच बसलेली असते. खातं उघडताच दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर घरांची यादी नको, फक्त आजचा दिवस हवा, एवढं ठरलं. पुढची चाचणी गुरुवारी, त्याच पाच जणींसोबत.