कँटरबरीला अनवाणी आलेला राजा

लंडनच्या सेंट पँक्रसहून जलद गाडीने कँटरबरी वेस्टला पोचायला साधारण तासभर लागतो. स्टेशनाबाहेर पडलेली मंडळी बहुतेक वेस्टगेटच्या वेशीकडे, म्हणजे कॅथेड्रलच्या दिशेने निघतात. मी भाचीला उलट्या दिशेला, सेंट डन्स्टनच्या चर्चकडे घेऊन गेलो. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रं कोर्टात शाबीत करण्याची कामं करणाऱ्या वकिलाबरोबर फिरायचं तर असले हट्ट सोसावे लागतात.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री १२ जुलै ११७४ला राजवस्त्रं उतरवून या चर्चपासून अनवाणी कॅथेड्रलपर्यंत चालत गेला. स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत सत्ता असलेला हा राजा तिथे, त्याच्याशी भांडून त्याच्याच सरदारांच्या हातून मारल्या गेलेल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या थडग्यापुढे गुडघे टेकून बसला आणि बिशप व मठवासी यांच्या हातून त्याने फटके खाल्ले. आम्हीही त्याच रस्त्याने निघालो, अर्थात बूट घालून. वाटेत वेस्टगेट लागलं, मग बेकेटच्या यात्रेकरूंसाठी उभारलेली ईस्टब्रिजची जुनी धर्मशाळा.

‘‘मामा, एवढं भांडण कशावरून?’’ भाचीने विचारलं.

चोरी किंवा खून करणारा माणूस चर्चचा असेल, तर त्याला शिक्षा कोणी द्यायची, यावरून. आणि ‘चर्चचा’ म्हणजे नुसता पाद्री नव्हे. मुंडन करून खालच्या पायरीची दीक्षा घेतलेला विद्यार्थी किंवा कारकूनही त्यात येई. चर्चच्या कोर्टाला रक्त सांडायची मनाई, त्यामुळे खुनी सापडला तरी प्रायश्चित्त, पदच्युती, फार तर बिशपची कोठडी. ११६३मध्ये फिलिप द ब्रॉय या बेडफर्डच्या धर्माधिकाऱ्याचं खुनाचं जुनं प्रकरण पुन्हा उकरलं गेलं, तेव्हा त्याने राजाच्या न्यायाधीशालाच शिवीगाळ केली. हेन्रीचा पारा चढला. जानेवारी ११६४मध्ये त्याने क्लॅरेंडनच्या महालात १६ कलमं लिहून बिशपांपुढे ठेवली. तिसऱ्या कलमाप्रमाणे आरोपीने आधी राजाच्या कोर्टात हजर व्हायचं, मग चौकशी चर्चच्या कोर्टात, पण राजाच्या माणसासमोर. आणि दोषी ठरला की चर्चने त्याला पाठीशी घालायचं नाही.

बेकेट एकेकाळी हेन्रीचा चॅन्सलर, म्हणजे कारभाराचा मुख्य सचिव, आणि त्याचा जिवलग. ११६२मध्ये राजानेच त्याला आर्चबिशप केलं होतं. त्याचा मुद्दा असा, की पदच्युती हीच शिक्षा. त्यावर फाशी दिली तर एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा होतात. आपल्या राज्यघटनेतलं अनुच्छेद २०(२) पाठ असलेल्या माणसाला हा युक्तिवाद परका वाटत नाही. तरीही मला बेकेट फारसा आवडत नाही. खुनी मोकळा फिरतो ही हेन्रीची तक्रार खरीच होती, आणि बेकेटने तिच्यावर उपाय असा कधी सुचवलाच नाही. आधी तोंडी होकार, मग माघार, आणि त्याच वर्षी फ्रान्सला पलायन.

कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर डाव्या बाजूच्या भागात हत्येची जागा आहे. भिंतीवर दोन दातेरी तलवारी टांगल्या आहेत, त्यांच्या सावल्या धरून चार होतात. जमिनीवर नुसतं ‘थॉमस’ एवढंच नाव. २९ डिसेंबर ११७०ला चार सरदारांनी त्याला इथे मारलं. हेन्री नॉर्मंडीत संतापून काहीतरी बोलला होता. नेमके शब्द पुढच्या लोकांनी आपापल्या परीने रंगवले. मधे पडलेल्या एडवर्ड ग्रिमचा हात जखमी झाला, त्यानेच पुढे ही हकिकत लिहून ठेवली.

आणि आता गंमत. धर्मगुरूच्या मारेकऱ्याचा न्यायही चर्चनेच करायचा, असा चर्चचा दावा होता. म्हणून ते चौघे फासावर गेले नाहीत. पोपने त्यांना प्रायश्चित्तासाठी पवित्र भूमीकडे धाडलं! हे चर्चच्याच अंगाशी आलं. ११७६च्या समझोत्यात धर्मगुरूंचे मारेकरी राजाच्या कोर्टाकडे सोपवले गेले, आणि गुन्हेगार धर्मगुरू मात्र चर्चकडेच राहिले. त्यातही अपवाद होता राजाच्या जंगलातल्या गुन्ह्यांचा. हरणाच्या बाबतीत हेन्रीने तडजोड केली नाही.

पुढे ट्रिनिटी चॅपलकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या पावलांनी आणि गुडघ्यांनी चक्क खोलगट झाल्यात. वर १२२०पासून बेकेटचं रत्नजडित स्मारक होतं. आठव्या हेन्रीने १५३८मध्ये ते फोडलं आणि बेकेटचं नाव ग्रंथांतून खोडायचा हुकूम काढला. आता तिथे मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती तेवत असते. राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिला म्हणून याच आठव्या हेन्रीने शिरच्छेद केलेल्या दुसऱ्या थॉमसचं, थॉमस मोरचं, शिर आम्ही सकाळी पाहिलेल्या सेंट डन्स्टनच्या तळघरात पुरलंय असं मानतात. राजा आणि चर्चमधल्या भांडणाची दोन टोकं एकाच गावात!

बेकेटने प्राण देऊन राखलेल्या सवलतीचं पुढे काय झालं, हे मला जास्त भारी वाटतं. वाचता येणारा प्रत्येक पुरुष ‘धर्मगुरू’ ठरू लागला. कोर्टात ५१व्या स्तोत्राचं पहिलं कडवं वाचून दाखवलं की फाशी टळायची, त्यामुळे निरक्षर चोरही ते घोकून जात. मग १४८९मध्ये अंगठ्यावर डाग द्यायची पद्धत आली, म्हणजे दुसऱ्यांदा सवलत मागता येऊ नये. १५९८मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार मारणारा नाटककार बेन जॉन्सन अंगठ्यावर डाग घेऊन असाच सुटला. ही सवलत रद्द झाली थेट १८२७मध्ये.

परतल्यावर लंडनच्या चीपसाइडला उतरलो. बेकेटचा जन्म याच रस्त्यावरचा, आणि आर्चबिशपचं अपिलाचं कोर्ट भरायचं ते इथल्याच सेंट मेरी-ले-बो चर्चमध्ये. जमिनीच्या दाव्यांवर राजाने ताबा मिळवला, पण जंगम मालमत्तेची मृत्युपत्रं आणि विवाहाचे तंटे १८५७पर्यंत चर्चच्या कोर्टांनीच चालवले. १८२३च्या सनदेने मुंबईला सुप्रीम कोर्ट मिळालं, तेव्हा मृत्युपत्रांचा अधिकार त्याच्या ‘एक्लेझिअ‍ॅस्टिकल’, म्हणजे चर्चविषयक बाजूकडे होता. पुढे हायकोर्ट आलं, ते नाव गेलं आणि ‘टेस्टामेंटरी’, म्हणजे मृत्युपत्रविषयक, एवढंच उरलं. भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे मामा, तुमची फी चर्चमुळे?’’