आलेख आधी अंगणात, मग कागदावर

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात सहा-सात वर्षांच्या मुलांना ताळ्याच्या खुणा व चित्रालेख, पुढे स्तंभालेख आणि दहा-अकराव्या वर्षी वृत्तालेख शिकवतात; म्हणजे घटक जवळपास तेच, जे आपण नागपुरात बालभारतीच्या पुस्तकातून शिकलो. मात्र लीड्समधील ज्या शाळेत मी शिकवते, तेथे आलेख कागद सर्वांत शेवटी हाती येतो.

सुरुवातीला मुले शाळेत कशाने आली, त्यानुसार अंगणात रांगा करतात. मोटारीने आलेली आठ मुले ऐसपैस उभी राहतात, चालत आलेली अकरा एकमेकांना खेटून, आणि अकरांची रांग आठांपेक्षा आखूड दिसू लागली की कोणीतरी हरकत घेतेच. मग मुलेच खडूने सारख्या मापाचे चौकोन आखतात व सगळ्या रांगा एकाच रेषेपासून सुरू करतात. प्रमाण कशासाठी ठरवायचे, हे त्यानंतर फळ्यावर वेगळे समजवावे लागत नाही.

वृत्तालेखही असाच उभा करता येतो. चोवीस मुलांना गोलात उभे करावे, एकच उत्तर देणारी शेजारी-शेजारी ठेवावीत आणि मध्यबिंदूपासून गटांच्या सीमांपर्यंत सुतळी ताणावी. प्रत्येकाच्या वाट्याला 15 अंश येतात, सहा जणांच्या गटाचा काटकोन होतो.

नागपूरच्या महाल भागातील एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वहिनींनी डिसेंबरात याच धर्तीवर संत्री वापरली. प्रत्येक मुलाने संत्रे सोलून फोडी मोजल्या आणि फळ्यावरील संख्यारेषेवर त्या संख्येच्या वर एकेक टिकली चिकटवली. टिकल्यांचा सर्वांत उंच मनोरा कुठे झाला ते सर्वांनी पाहिले, तेव्हाच वहिनींनी बहुलक हा शब्द उच्चारला. संत्री अर्थातच तास संपण्याआधी संपली.

सांख्यिकीय आलेखांचे आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर यांनी 1786 साली स्कॉटलंडच्या व्यापारासाठी स्तंभ काढले, कारण त्यांच्याजवळ एकाच वर्षाची आकडेवारी होती. काळानुसार बदल दाखवायला त्यांनी रेषाच वापरली होती. नागपूरच्या मे महिन्यातील कमाल तापमानाला म्हणूनच रेषालेख शोभतो. तरीही एकदा मुद्दाम स्तंभ काढून पाहावेत: अक्ष 40 पासून सुरू केला, तर 44 अंशांचा स्तंभ 42 च्या दुप्पट उंच दिसतो, आणि शून्यापासून सुरू केला, तर दोन्ही जवळपास सारखेच. दोन्ही चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत आणि उन्हाच्या बातमीसोबत वर्तमानपत्र त्यांपैकी कोणते छापील, तेही त्यांनाच विचारावे.