बकध्यान

मंगळवार, रात्री साडेदहा

आज ऑफिसात एक जण नव्या मुलाला म्हणाला, "काय रे, बकध्यान लावून बसलायस?" मुलगा बिचारा तासभर हिशेबातली चूक शोधत होता. शब्द त्याला लागला, चेहऱ्यावर दिसलं. मलाही तो टोचत राहिला, कारण खरं बकध्यान मी सकाळीच पाहिलं होतं.

भांडुपला स्टेशनकडे जाताना नाल्याच्या कठड्याखाली एक ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, असते. काळ्या गाळात, मान खांद्यात ओढून, मातकट, रेघारेघांची. शेजारच्या कचऱ्यातून ती चटकन वेगळी ओळखूही येत नाही. आज थांबले, एक लोकल सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग मान तसूतसूने पुढे सरकली आणि चोच पाण्यात कधी गेली ते कळलंच नाही. बोटाएवढा मासा. उडाली तेव्हा पंख पांढरेशुभ्र! पुस्तकात तिचं दुसरं नाव 'वंचक', म्हणजे फसवणारा. पोटासाठी रंग झाकून उभं राहणं ही काय फसवणूक झाली?

बगळ्याच्या नावावर आपण फार अन्याय केलाय. पंचतंत्रात तो माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो सांगून खातो, शेवटी खेकडा त्याची मान धरतो. मनुस्मृतीत नजर खाली घालून स्वार्थ साधणारा तो बकव्रती. भीमाने मारला तो बकासुर, आणि कृष्णाने चोच फाडून मारला तोही बकासुरच.

पण विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणाऱ्या सुभाषितात 'काकचेष्टा बकध्यानम्' येतं, तिथे हाच गुण आहे. आणि वनपर्वात चार भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेले असताना युधिष्ठिराला अडवणारा यक्ष आधी काय म्हणतो? मी शेवाळ आणि मासे खाणारा बगळा आहे. शेवटी निघतो तो साक्षात धर्म! धर्माला हे रूप घ्यावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. थवा डोक्यावरून गेला की आम्ही नखांवर नखं घासत बगळ्याकडे पांढरी फुलं मागायचो. नखावर ठिपका दिसला की ती म्हणायची, "दिलं बघ त्याने." तिच्या परसात हादगा होता, त्याच्या फुलांची ती भाजी करायची. हादग्याला संस्कृतात 'बक' म्हणतात हे मला अलीकडे कळलं. ती बाकदार पांढरी कळी आठवली आणि लगेच पटलं.

संध्याकाळपर्यंत मुलाला चूक सापडली. एकच रक्कम दोनदा चढली होती. निघताना त्याला तो श्लोक कागदावर लिहून दिला, अर्थ सांगितला. त्याने कागदाची घडी करून पाकिटात ठेवली.

उद्या दहा मिनिटं लवकर निघायचं. ओहोटी असेल तर ढोकरी तिथेच असेल.