एकच आजार, नवऱ्यात वेगळा दिसला आणि लेकीत वेगळा

आम्ही जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टजवळ राहतो, इथे गोचीड चावून होणारा लाइम आजार काही नवीन नाही. पण तो नसांपर्यंत गेला की मोठ्या माणसात आणि लहान मुलात किती वेगळा दिसतो ते आमच्याच घरात बघितलं म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी नवऱ्याला झाला. दोन खांद्यांच्या मधे दुखायचं, दिवसा जरा बरं आणि रात्री नुसती आग, नेहमीच्या पेनकिलरचा काही उपयोग नाही. मणक्याची गादी सरकली असेल म्हणून एमआरआय, फिजिओ सगळं झालं, शेवटी हाताची ताकद कमी वाटायला लागली तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि बोरेलिया या लाइमच्या जीवाणूच्या अँटिबॉडीज. युरोपात मोठ्यांमधे हे नेहमीचं चित्र आहे, बानवार्थ सिंड्रोम म्हणतात. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांत तो रात्रीचा झोपायला लागला, थकवा मात्र कितीतरी महिने राहिला.

या सप्टेंबरमधे आमची सहा वर्षांची लेक सकाळी दूध पीत होती तर ओठाच्या एका कोपऱ्यातून दूध ओघळायला लागलं आणि त्याच बाजूचा डोळा मिटेना. दुखतंय का विचारलं तर नाही, कुठेच नाही. आधी थोडे दिवस जेवण कमी, चिडचिड, मधूनच डोकं दुखतंय म्हणायची, ताप बिलकुल नाही. पुण्याहून आई म्हणाली वारं लागलं असेल गं, शेक दे. पण डॉक्टरांनी लगेच कानामागे, केसांच्या कडेला बघायला सुरुवात केली, कारण मुलांना गोचीड बरेचदा डोक्याला-मानेला चावते. मुलांमधे चेहऱ्याची नस आणि मेंदूच्या आवरणाची सूज हेच जास्त, ती पाठीतली आग क्वचित. मान आखडलेली नसली तरी आवरणाला सूज असू शकते, म्हणून तिच्याही पाठीतून पाणी काढलं. तिला पोटाशी गुडघे घेऊन धरून ठेवायचं होतं, ते फार जड गेलं मला.

तिला गोळ्या नाही, सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून 14 दिवस, कारण एवढ्या लहान मुलांना डॉक्सी दिली तर दातांवर डाग पडायची भीती म्हणून इथे सहसा टाळतात. रात्री डोळ्यात मलम आणि वरून पारदर्शक पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. काही आठवड्यांत हसू दोन्ही बाजूंनी सारखं झालं, मुलं यातून बहुतेक पूर्ण बरी होतात.

आणि इथे जी गोचिडीची लस घेतात ना, ती एफएसएमई या गोचिडीतूनच होणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या व्हायरसवरची आहे, लाइमवर चालत नाही. ती घेतलेली असली तरी जंगलातून आल्यावर मुलांचं डोकं, कानामागे, मान नीट बघाच.