सूची प्रकल्प: '@' वेचून काढायचं काम कुठवर आलं

दिवाळी अंकांच्या सूचीची स्क्रिप्ट पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) ५.६ वरून ८.३ वर आणतोय, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यातला एररचा भाग आता बराचसा मार्गी लागलाय. मूळ कोड एका मित्राचा. पीएचपीत '@' लावला की त्या ठिकाणची एरर दाबली जाते; वॉर्निंग दिसली की ओळीपुढे '@' ठोकायचा आणि पुढे जायचं, हा त्या काळचा सर्रास रिवाज, त्यामुळे फाइली '@'नी भरलेल्या.

'@' काढायच्या आधी सेटिंगं नीट लावली. पाहुण्यांना एरर दिसू नये आणि एररची नोंदच होऊ नये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरर_रिपोर्टिंग (कोणत्या एररची दखल घ्यायची ते ठरवणारं सेटिंग) शून्यावर नेलं की दोन्ही जातात, आणि नेमका हाच सल्ला अजून सगळीकडे फिरतोय. मी ठेवलंय ते असं: डिस्प्ले_एरर्स बंद, लॉग_एरर्स चालू, पातळी ई_ऑल (म्हणजे सगळ्या एरर), आणि लॉगची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर. वॉर्निंगमध्ये सर्व्हरवरचा पूर्ण पाथ छापला जातो, तो परक्याला कशाला दाखवायचा?

शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीच्या सेटिंगांच्या मुख्य आयएनआय फाइलला हात लावता येत नाही, म्हणून हे सगळं आपल्या फोल्डरातल्या '.यूझर.आयएनआय' मध्ये टाकलं. ती फाइल पीएचपी दर वेळी वाचत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद जुनीच वापरते. बदल लागला नाही म्हणून लगेच होस्टिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडू नका, एक चहा पिऊन या. आणि हीच सेटिंगं स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आयएनआय_सेटने दिली, तर त्याच फाइलमधली पार्स एरर (कोड लिहिण्यातली व्याकरणाची चूक) त्यांना जुमानत नाही. फाइल कंपाइलच झाली नाही, तर पहिली ओळ चालणार कुठून?

पीएचपी ८.० ने, म्हणजे २०२० मध्ये, '@'चे दात बरेच पाडले. ५ च्या जमान्यात नसलेल्या फंक्शनपुढे '@' असला की स्क्रिप्ट मुकाट मरायची आणि समोर कोरं पान. आता फेटल एरर (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी) '@'ला दाबता येत नाही. शिवाय न दिलेलं व्हेरिएबल किंवा ॲरेमध्ये (माहितीच्या यादीत) नसलेली 'की' (रकान्याचं नाव), यांची सौम्य नोटिस आता वॉर्निंग झाली आहे.

खरा घोळ निघाला तो मित्राच्या एरर हँडलरमध्ये, म्हणजे एरर आली की पीएचपी बोलावतं त्या फंक्शनमध्ये. '@' लावलेल्या ओळीसाठीसुद्धा हँडलर बोलावला जातोच. म्हणून तो आधी एरर_रिपोर्टिंग शून्य आहे का ते बघायचा आणि असेल तर गप्प परत फिरायचा. ८ मध्ये तिथे शून्य येत नाही, ४४३७ येतं. न दाबता येणाऱ्या सहा फेटल प्रकारांची ती बेरीज: १, ४, १६, ६४, २५६ आणि ४०९६. मग '@' असूनही लॉग भराभरा भरू लागला. आता एरर_रिपोर्टिंगची किंमत आणि आलेल्या एररचा क्रमांक यांच्यात '&' लावून (दोन्हींत सामाईक बिट आहेत का ते) बघतो; उत्तर शून्य आलं तर फॉल्स परत करायचं.

'वर्ष' रकाना रिकामा असलेल्या नोंदींपुढचे '@' काढून '??' (किंमत नसेल तर पुढे दिलेली वापर) लावलं. हे ७.० पासून आहे आणि वाचायला स्वच्छ. पण सगळीकडे आंधळेपणाने लावू नका. तेही तोंड बंदच करतं. 'प्रकाशक' या कीचं स्पेलिंग एका फाइलमध्ये वेगळं होतं, '??' लावल्यावर तिथे इमानेइतबारे 'माहिती नाही' छापून आलं. संपादक आणि प्रकाशक हे रकाने असायलाच हवेत, तिथे मी '??' काढून टाकलं. वॉर्निंग येऊ दे.

जुन्या एचटीएमएल पानांवरून अनुक्रमणिका उचलताना डॉमडॉक्युमेंट हा पीएचपीतला एचटीएमएल वाचणारा क्लास वापरतो. त्यातल्या लोडएचटीएमएलपुढचा '@' काढला तर सेक्शन, आर्टिकल अशा टॅगांवर तक्रारींचा पाऊस पडतो, कारण त्यामागच्या लिबएक्सएमएल या लायब्ररीला एचटीएमएल ५ कळत नाही. तिथे लिबएक्सएमएलच्या एरर आतल्या आत साठवायची सोय चालू केली. हव्या त्या वाचायच्या, मग यादी रिकामी करायची. यातली गंमत म्हणजे सर्वांत मोठ्या बिघाडाला एररच नव्हती. पानात एन्कोडिंग लिहिलेलं नसेल तर लोडएचटीएमएल ते लॅटिन-१ (युरोपीय लिपीचं जुनं एन्कोडिंग) समजतं आणि 'अनुक्रमणिका'चं 'à¤…à¤¨' असलं काहीतरी करून टाकतं, वॉर्निंगशिवाय. मजकुराच्या आधी यूटीएफ-८ चा मेटा टॅग जोडला, अक्षरं जागेवर आली.

काही '@' मुद्दाम ठेवलेत. मुखपृष्ठांचं फोल्डर बनवताना एमकेडिर या फंक्शनपुढे आहे: दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर फोल्डर आहे का हे आधी तपासूनही दुसरीला वॉर्निंग मिळते. म्हणून '@'सह बनवायचं, जमलं नाही तर ते आधीच आहे का हे इज_डिरने बघायचं, आणि तरीही नसेल तर एक्सेप्शन फेकायचं. दुसरा फोटोतला मेटाडेटा (तारीख वगैरे) वाचणाऱ्या एक्झिफ_रीड_डेटापुढे. मोबाइलवर काढलेल्या फोटोंतला मेटाडेटा अर्धवट असला की ते कुरकुरतं, पण फॉल्स आलं तर मी तारीख रिकामी सोडतो आणि फोटोचं नाव स्वतः लॉगमध्ये लिहितो.

आता राहिलंय डिप्रिकेटेडचं, म्हणजे 'ही पद्धत पुढे बंद होणार' अशा सूचनांचं पीक. ८.१ पासून एचटीएमएलस्पेशलचार्सला (मजकूर पानावर सुरक्षित छापायचं फंक्शन) नल, म्हणजे रिकामी किंमत, दिलं की नोंद पडते, आणि आपल्या सूचीत रिकाम्या रकान्यांना तोटा नाही. पुढच्या नोंदीत तेच.