म्हात्रे पुलाचे म्हात्रे

पुण्यात लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळी म्हात्रे पुलावर ट्रॅफिक तुंबतं, डीपी रोडची सगळी लॉन्स भरलेली, वराती, फटाके, हॉर्न, आणि या सगळ्यात 'म्हात्रे पुलापाशी आहे, पोचतोच' हे वाक्य दिवसातून हजारो लोक फोनवर बोलतात. हे म्हात्रे कोण असं कुणाला विचारलं तर असतील कुणीतरी नगरसेवक, नाहीतर स्वातंत्र्यसैनिक, असं उत्तर येतं. रवींद्र म्हात्रे हे भारताचे राजनैतिक अधिकारी होते, १९८४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममधे त्यांना पळवून नेलं आणि ठार मारलं, आणि त्या खुनाचे पडसाद पुढची कितीतरी वर्षं दिल्ली, लंडन, श्रीनगर, रावळपिंडी असे उमटत राहिले. आपल्याकडच्या तरुण मुलांना यातलं काहीच माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार. लंडनला आपलं हाय कमिशन, आणि बर्मिंगहॅमला त्याच्या हाताखालचं असिस्टंट हाय कमिशनचं ऑफिस, तिथे म्हात्रे होते. अशा ऑफिसातलं काम म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, कागदांवर सह्या-शिक्के, तिथल्या भारतीयांच्या अडीअडचणी. काश्मीरचं धोरण ठरवणारा हा माणूस नव्हता, कुणाच्या फाशीवर तर त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ऑफिस सुटल्यावर ते बसने घरी निघाले. ऑफिसची गाडी नाही, ड्रायव्हर नाही, बंदूकवाला गार्ड तर लांबच राहिला. मुलीचा वाढदिवस होता, तिच्यासाठी केक घेतला होता. घराजवळच्या स्टॉपवर उतरले आणि तिथूनच त्यांना पळवलं.

त्याच रात्री रॉयटर्सच्या लंडनच्या ऑफिसात चिठ्ठी पोचली. 'काश्मीर लिबरेशन आर्मी', हे नाव तोवर कुणी ऐकलेलंही नव्हतं. मागणी काय तर तिहार जेलमधे असलेल्या मकबूल भट या काश्मिरी फुटीरतावादी नेत्याला आणि त्याच्या साथीदारांना सोडा आणि वर १० लाख पाऊंड द्या, मुदत इतकी कमी की ती तासांतच मोजायची.

आता काश्मीरचं भांडण बर्मिंगहॅमला कसं काय पोचलं हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर सापडलं एका धरणात. पाकव्याप्त काश्मीरमधे मीरपूर म्हणून भाग आहे, तिथे १९६० च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण बांधलं, जुनं मीरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावं पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. त्यातली पुष्कळशी ब्रिटनला कामाला गेली, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड अशा कारखान्यांच्या गावी, कारण तेव्हा तिथे हात हवे होते. धरणग्रस्तांचं काय होतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको, कोयनेची माणसं कुठे कुठे विखुरली ते आपण बघितलंय. तर या मीरपुरी लोकांच्या वस्तीत स्वतंत्र काश्मीरचं राजकारण रुजलं आणि १९७७ साली जेकेएलएफ, म्हणजे जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट, ही संघटना स्थापन झाली ती श्रीनगरला नाही की मुझफ्फराबादला नाही, बर्मिंगहॅमला. तिचे एक संस्थापक अमानुल्ला खान, आणि त्यांचा जुना साथीदार, त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा नेता, मकबूल भट.

भटचा इतिहास थोडक्यात सांगते. कुपवाड्याचा माणूस, १९६६ मधे एका सीआयडी इन्स्पेक्टरच्या खुनात सापडला, १९६८ मधे श्रीनगरला न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी फाशी सुनावली, त्यानंतर हा पठ्ठ्या जेलमधून भुयार खणून पळाला आणि पाकिस्तानात गेला. १९७१ मधे आपलं गंगा नावाचं विमान लाहोरला पळवलं त्या प्रकरणात त्याचं नाव आलं. १९७६ मधे परत काश्मीरमधे शिरला आणि पुन्हा पकडला गेला. तेव्हापासून जुनी फाशी डोक्यावर, दयेचा अर्ज पडून आणि हा तिहारमधे. म्हणजे १९८४ उजाडेपर्यंत त्याच्या फाशीची कुणालाच घाई नव्हती, हे लक्षात ठेवा.

दोन दिवसांत म्हात्रेंचा मृतदेह मिळाला. बर्मिंगहॅमपासून बऱ्यापैकी लांब, लेस्टरशायरमधे, शेताडीतल्या एका रस्त्यावर. डोक्यात गोळ्या घातल्या होत्या.

सरकारने वाटाघाटी करायला हव्या होत्या असं म्हणणारे लोक मला भेटलेत. पण करायच्या कधी? शुक्रवारी संध्याकाळी माणूस उचलला आणि रविवारी मेलेला सापडला, एवढ्यात दिल्लीत साधी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही, आणि दुसऱ्या देशाच्या भूमीवर, दुसऱ्या देशाच्या पोलिसांच्या हातात सगळा तपास. ज्यांनी पळवलं त्यांना वाटाघाटी करायच्या होत्या यावरच माझा विश्वास बसत नाही, आणि समजा सुरुवातीला करायच्या असतीलही, तरी घाबरून असो की कुणाच्या सांगण्यावरून असो, एका निरपराध माणसाला त्यांनी मारलं, त्याला 'लढा' म्हणायला मी तयार नाही.

मग दिल्लीत चक्रं फिरली. इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या. वर्षानुवर्षं पडून असलेला दयेचा अर्ज एकदम फेटाळला गेला, वकिलांची सुप्रीम कोर्टातली धावपळ वाया गेली आणि ११ फेब्रुवारीला, शनिवारी, मकबूल भटला तिहारमधे फाशी दिली. म्हात्रेंचा मृतदेह मिळाल्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. घरच्यांच्या ताब्यात न देता त्याला जेलच्या आवारातच पुरलं. पुढे २०१३ च्या फेब्रुवारीत संसदेवरच्या हल्ल्याच्या केसमधल्या अफजल गुरूच्या बाबतीत तेच झालं, तोच जेल, तसंच आवारात दफन.

इथे माझं मत स्पष्ट लिहिते, पटो न पटो. भटची शिक्षा कोर्टाने दिलेली होती, ती कायद्याप्रमाणे कधी ना कधी अमलात आली असती तर तो वेगळा विषय. पण तारीख ठरली ती म्हात्रेंच्या खुनामुळे, आणि खून करणारे तर बर्मिंगहॅमला होते, भट आठ वर्षं कोठडीत होता. त्या घाईने सूड घेतल्याचं समाधान देशाला मिळालं असेल, पण म्हात्रे मात्र त्यांच्याच गोष्टीत मागे पडले. काश्मीरमधे दर ११ फेब्रुवारीला बंद पुकारले गेले, भटचे फोटो लागले, त्याचे अवशेष परत द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी झाली. ज्या माणसाच्या मरणातून हे सगळं सुरू झालं तो बहुतेक लेखांमधे एका ओळीत येतो, 'एका भारतीय अधिकाऱ्याच्या हत्येनंतर'. त्यांनी काय केलं होतं? नोकरी केली होती आणि बसने घरी जात होते!

ब्रिटनमधे तपास झाला, १९८५ मधे दोन जणांना जन्मठेप झाली. पण भारताचा राग तेवढ्यावर शमणारा नव्हता. परदेशी अधिकाऱ्याचं रक्षण ही यजमान देशाची जबाबदारी, व्हिएन्नाच्या १९६१ आणि १९६३ च्या दोन्ही करारांमधे ते लिहिलेलं आहे, आणि १९७३ मधे तर संयुक्त राष्ट्रांनी अशा माणसांवरच्या हल्ल्यांसाठी वेगळा करारच केला, की गुन्हेगार ज्या देशात सापडेल त्याने एकतर खटला चालवायचा नाहीतर त्याला सोपवायचं. आपलं म्हणणं होतं की तुमच्याकडे बसून लोक उघडपणे आमच्याविरुद्ध संघटना चालवतात आणि तुम्ही नुसतं बघत बसता. ब्रिटनचं उत्तर ठरलेलं, भाषणाला आमच्याकडे बंदी नाही, गुन्हा करेल त्याला पकडू. त्याच वर्षी, म्हणजे १९८४ च्या जूनमधे, सुवर्ण मंदिरातली लष्करी कारवाई, ब्लू स्टार, झाली, ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली, लंडनमधून काही खलिस्तानवाल्यांनी जी मुक्ताफळं उधळली त्याने इथे संताप झाला, आणि हे भांडण चिघळतच गेलं.

आणि मग नोव्हेंबरमधे पारडं उलटं फिरलं. हे मुंबईकरांनाही फारसं आठवत नाही. २७ नोव्हेंबर १९८४ ला ब्रिटनचे मुंबईतले डेप्युटी हाय कमिशनर पर्सी नॉरिस यांना सकाळी ऑफिसला जाताना गाडीतच गोळ्या घातल्या. नुकतेच रुजू झाले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी डेव्हिड गॉवरच्या इंग्लंड टीमला पार्टी दिली होती, आणि सकाळी त्या खेळाडूंना कळलं की काल ज्यांच्या घरी गप्पा मारल्या ते यजमान गेले. जबाबदारी घेतली ती अबू निदाल या पॅलेस्टिनी अतिरेक्याच्या गटाशी जोडलेल्या लोकांनी, म्हणजे भांडण पश्चिम आशियाचं, माणूस इंग्लंडचा आणि रस्ता मुंबईचा. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर टेस्ट सुरू झाली, शिवरामकृष्णनने १२ विकेट काढल्या, आपण जिंकलो, आणि ती मॅच लोकांच्या लक्षात राहिली. म्हणजे ज्या वर्षी आपण ब्रिटनला विचारत होतो की आमचा माणूस का नाही सांभाळलात, त्याच वर्षी त्यांचा माणूस आपल्याकडे गेला. परक्या देशात काम करणारा अधिकारी दारातून बाहेर पडतो तो त्या देशाच्या भरवशावरच पडतो, मग तो देश कुठलाही असो.

भारत आणि ब्रिटनमधे प्रत्यार्पणाचा करार झाला तो पार १९९२ मधे. आज मल्ल्या आणि नीरव मोदीच्या बातम्यांमुळे तो सगळ्यांना माहितेय, पण १९८० च्या दशकात आपण तो मागत होतो ते बँकांच्या कर्जासाठी नाही, अतिरेक्यांसाठी.

अमानुल्ला खानचं काय झालं ते मात्र सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातूनच झालं असं मला वाटतं. १९८५ मधे ब्रिटिश पोलिसांनी त्याला स्फोटकांच्या केसमधे पकडलं, कोर्टात तो सुटला, पण सरकारने त्याला देशात राहू दिलं नाही आणि १९८६ च्या डिसेंबरमधे हाकलून दिलं. दिल्लीला हेच हवं होतं, ब्रिटनमधून हा माणूस जावा. तो गेला, पण गेला पाकिस्तानात. जो माणूस बर्मिंगहॅम-लंडनमधे पत्रकं काढून सभा घेत होता तो आता सीमेपलीकडे, जिथे शस्त्रं होती आणि ती पुरवणारे होते अशा ठिकाणी जाऊन बसला. १९८७ च्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांनी चिडलेली काश्मीरची पोरं सीमा ओलांडून तिकडे जायला लागली आणि ३१ जुलै १९८८ ला श्रीनगरमधे जेकेएलएफचे बॉम्बस्फोट झाले. तिथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

त्यात नीलकंठ गंजूही गेले. भटला फाशी सुनावून २१ वर्षं झाली होती, ते रिटायर झालेले, वय झालेलं. ४ नोव्हेंबर १९८९ ला श्रीनगरच्या हरिसिंग स्ट्रीटवर, भर बाजारात, त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत काश्मिरी पंडित घरंदारं सोडून निघाले, आणि गंजूंचा खून हा त्या भीतीच्या सुरुवातीच्या घटनांपैकी एक होता. ३४ वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमधे, जम्मू-काश्मीरच्या तपास यंत्रणेने पेपरातून लोकांना आवाहन केलं, की गंजूंच्या खुनाबद्दल कुणाला काही माहिती असेल तर पुढे या, तुमचं नाव गुप्त ठेवू.